फोनने शोधलेले संपर्क आणि माणसांनी शोधलेले संपर्क : तुमचा अनुभव काय?

खडूफळा :

नवीन फोन घेतला, मुलगा जुन्यातलं सगळं नव्यात टाकून देत होता, मध्येच विचारतो, आई हे कोविडच्या वेळचं सरकारी ॲप, आरोग्य सेतू, ठेवू की काढू. मी म्हटलं थांब, बघू दे. उघडलं तर आता त्यात आरोग्य खातं, लसीचं सर्टिफिकेट असलं काय काय आहे, जवळ कोणी पॉझिटिव्ह येऊन गेलं का ते रंगाने सांगणारा तो जुना हिरवा-केशरी भाग कुठे दिसेना. मग रात्रभर डोक्यात २०२० च फिरत राहिलं, म्हणून हा धागा काढतेय.

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, गावाचं नाव लिहीत नाही. मे २०२० मध्ये आम्हा शिक्षकांना कोविड ड्युटी लागली. आधी घरोघरी सर्व्हे, थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन, आणि जूनपासून मला वॉर रूममध्ये, म्हणजे कोविडच्या नियंत्रण कक्षात, बसवलं. काम एकच. सकाळी पॉझिटिव्ह लोकांची यादी यायची, एकेकाला फोन लावायचा, लक्षणं सुरू व्हायच्या दोन दिवस आधीपासून कोणाकोणाला भेटलात ते विचारायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं, हाय रिस्क लो रिस्क लावायचं आणि त्या प्रत्येकाला परत फोन. वरून सांगितलेलं की एका पेशंटमागे पंधरा-वीस नावं निघालीच पाहिजेत.

पहिल्या आठवड्यात माझी चारच्या वर नावं निघेनात. मी विचारायची "कोणाला भेटलात?" आणि उत्तर ठरलेलं, "कोणालाच नाही हो मॅडम, घरातच होतो." खोटं बोलत होते असं नाही, काहींना खरंच आठवत नव्हतं आणि काही घाबरलेले होते, कारण नाव सांगितलं की त्या माणसाच्या दाराला पत्रे लागणार हे त्यांना दिसत होतं. मग शेजारच्या टेबलावरच्या एका एएनएम (आरोग्य केंद्रातल्या नर्स) ताईंनी मला शिकवलं. म्हणाल्या भेटलात का विचारू नका, दळण कोणी नेलं विचारा. आणि काय सांगू, दळण कोणी नेलं, दूध कोण टाकतं, गॅसची टाकी वर कोणी चढवली, दाढी कुठे केलीत, किल्ली कोणाकडे ठेवता, एवढं विचारलं की सात-आठ नावं आपोआप यायची. गिरणीवाल्याचं नाव तर एका महिन्यात मी अकरा पेशंटच्या तोंडून ऐकलं, तेव्हा कुठे त्याची टेस्ट झाली.

त्याच वेळी आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये आरोग्य सेतू होतं, ड्युटीवर सक्तीचं होतं. दिवसाला तीसेक पेशंटशी बोलायची मी, आणि तीन महिन्यांत "मला ॲपने सांगितलं म्हणून टेस्ट केली" असं म्हणणारा मला एकही भेटला नाही. कदाचित माझ्या वॉर्डातच असं असेल, म्हणून विचारतेय. तुमच्यापैकी कोणाला ॲपचा खरा उपयोग झाला का? आणि पुढची साथ आली (येईलच कधीतरी) तर तुम्ही असं ॲप फोनमध्ये घ्याल का?

माणदेशी :

बाई, दळणाचं वाचून आईची आठवण आली. आई आशा वर्कर आहे, माण तालुक्यात. मे २०२० मध्ये मुंबईहून लोक परत येत होते, ट्रकमधनं, टेम्पोतनं, रात्रीच्या रात्री, आणि गावात कळलं की शाळेत १४ दिवस ठेवणार म्हणून गुपचूप मागच्या दारानं घरात. आईनं एकालाही विचारलं नाही की मुंबईचं कोण आलंय का. ती सकाळी लवकर गल्लीतनं चालत जायची आणि दोरीवरचे कपडे बघायची. म्हातारा-म्हातारीच्या घरात दोरीवर जीन्सची पँट आणि लहान पोराचा फ्रॉक दिसला की समजायचं. मग दारात बसून पाणी मागायची, इकडचं तिकडचं बोलायची, आणि उठताना म्हणायची पोराला ताप आला तर रात्रीबेरात्री मला हाक मार, मी कोणाला सांगणार नाही पण दवाखान्यात मात्र नेणार.

एका घरानं तिच्या अंगावर कुत्रं सोडलं. त्याच घरानं चार दिवसांनी हाक मारली.

आमच्याकडं रेंजच टेकाडावर गेल्यावर यायची, ॲप कुठनं चालणार. आणि हो, ज्या बायकांनी हे केलं त्यांना जून २०२१ मध्ये मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला. ते कोणी विसरू नये.

तारायंत्र :

मी याच क्षेत्रात काम करतो (ब्लूटूथ, पण या ॲपशी संबंध नव्हता) म्हणून थोडं सांगतो, कारण त्या वेळी व्हॉट्सॲपवर फार चुकीची माहिती फिरली.

या ॲपमध्ये तुमचा फोन दर थोड्या वेळाने एक आकडा हवेत सोडायचा, आणि जवळचा दुसरा फोन तो आकडा, वेळ आणि सिग्नल किती जोरात आला हे नोंदवून ठेवायचा. कोणी पॉझिटिव्ह निघाला, लॅबने आयसीएमआरच्या (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या) पोर्टलवर टाकलं, की त्याच्या फोनमधली ही यादी सर्व्हरवर जायची आणि मग बाकीच्यांना कळवलं जायचं. कल्पना चांगली आहे. अडचण अशी की सिग्नलचा जोर म्हणजे अंतर नव्हे. माणसाचं शरीर म्हणजे पाण्याची पिशवी आणि पाणी हा सिग्नल पिऊन टाकतं, त्यामुळे दोघं पाठीला पाठ लावून उभे असतील आणि फोन पुढच्या खिशात असतील तर फोनला वाटतं हे दोघं लांब आहेत. उलट लोखंडी डब्यात सिग्नल आपटून आपटून लांबचाही जवळचा वाटतो. डब्लिनमध्ये ट्रामच्या डब्यात याची चाचणी केली होती २०२० मध्येच, निष्कर्ष असा की चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली असती तरी यापेक्षा वाईट झालं नसतं. आता आपली लोकल डोळ्यासमोर आणा. आणि चाळीत दोन खोल्यांमध्ये असते पार्टिशन, सिग्नल आरपार जातो, विषाणू जात नाही.

दुसरं गणित सोपं आहे पण कोणी सांगितलं नाही. भेट नोंदवायला दोघांकडे ॲप लागतं. म्हणजे शंभरात वीस जणांकडे असेल तर भेटी पकडल्या जातात शंभरात चार, वीस नव्हे. आपल्याकडे २ एप्रिल २०२० ला ॲप आलं आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत १० कोटी लोकांनी घेतलं, जगात इतक्या वेगाने फार कमी ॲप घेतले गेलेत, कबूल. पण १३५ कोटींत १० कोटी म्हणजे शंभरात साताठ, आणि त्याचा वर्ग केला तर साधारण दोनशे भेटींत एक. शहरात जास्त असेल, मान्य, पण बाईंना तीन महिन्यांत एकही का भेटला नाही याचं उत्तर यातच आहे.

निळा_रेनकोट :

मला उपयोग झाला. अगदी स्पष्ट सांगतो, मला झाला.

जुलै २०२०. आईचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मीच घेऊन जायचो. एका संध्याकाळी ॲप केशरी झालं. मला ताप नाही, खोकला नाही, तोंडाची चव शाबूत. दुसऱ्या दिवशी स्वॅब दिला, पॉझिटिव्ह. त्या रात्रीच आईला बहिणीकडे हलवलं होतं, तिची टेस्ट दोनदा निगेटिव्ह आली. मी आठवून आठवून बघितलं, त्या आठवड्यात घराबाहेर मी फक्त दोन ठिकाणी गेलो होतो, डायलिसिस सेंटर आणि बँक, बँकेत पाऊण तास रांगेत उभा होतो. माझ्या पुढे कोण होतं मागे कोण होतं मला आजही माहीत नाही. खडूफळा मॅडम, तुमचं दळण दूध सगळं मान्य, मनापासून मान्य, पण बँकेच्या रांगेतला माणूस तुमच्या रजिस्टरमध्ये कधीच आला नसता. त्यानेही माझं नाव सांगितलं नसतं, त्याला ते माहीतच नव्हतं.

दोनशे भेटींत एक म्हणता ना तारायंत्र, ती एक माझी होती. आई अजून आहे.

खडूफळा :

@निळा_रेनकोट, हेच वाचायचं होतं मला. तुमचं बरोबर आहे. अनोळखी माणसाच्या रकान्यात आम्ही काय लिहायचो माहितेय? "भाजी मंडई, इतर." बस. त्या इतरांना फोन करायला आमच्याकडे नंबर नव्हताच. आईंना नमस्कार सांगा.

चाळ_नंबर_सात :

मी सहसा लिहीत नाही इथे, वाचते फक्त. पण यावर लिहायचंय.

माझी आई चार घरची धुणीभांडी आणि एका घरी स्वयंपाक करते. जूनमध्ये सोसायटीवाल्यांनी बायकांना परत यायला परवानगी दिली पण अट घातली, गेटवर वॉचमनला आरोग्य सेतू दाखवायचं, हिरवं असेल तरच आत. आईकडे कीपॅडचा फोन. कोणीतरी सांगितलं १९२१ ला मिस्ड कॉल दे, साध्या फोनवाल्यांसाठी ते आहे, तिने दिला, तिकडून फोन आला, प्रश्न विचारले, मेसेजही आला. वॉचमन म्हणाला मेसेज नाही चालत, हिरवं दाखवा. त्याचाही दोष नाही, त्याला कमिटीने तसंच सांगितलेलं.

घरात एकच स्मार्टफोन होता, तो माझ्या ऑनलाईन शाळेसाठी काकांनी दिलेला जुना. मग सकाळी सात ते साडेअकरा तो आई घेऊन जायची. माझे पहिले तीन तास बुडायचे, गणित आणि विज्ञान. दहावीला होते मी. आणि त्या फोनची बॅटरी इतकी गेलेली की आई गेटवर दाखवायच्या आधी डेटा आणि ब्लूटूथ चालू करायची, आत गेली की लगेच बंद, कारण नाहीतर फोन दुपारपर्यंत टिकायचा नाही आणि मला शेवटचा तासही मिळायचा नाही. म्हणजे ती कोणाच्या घरात किती वेळ होती, कोण खोकत होतं, हे त्या ॲपला काहीच कळत नव्हतं. ते फक्त गेटवर हिरवं दिसायचं.

आणि ज्या घरी ती स्वयंपाक करायची तिथल्या लोकांना कोणी कधी विचारलं नाही की तुमचं हिरवं आहे का. ऑगस्टमध्ये तिला कोविड झाला तो त्याच घरातून. त्यांनी चार दिवस लपवलं होतं.

माणदेशी :

@चाळ_नंबर_सात काय बोलू. दहावीचं काय झालं पुढं?

चाळ_नंबर_सात :

पास झाले, ७९ टक्के. आता नर्सिंगला आहे, तिसऱ्या वर्षाला.

क्लेमेंटीकर :

सिंगापूरहून. इथलं असंच ॲप, ट्रेसटुगेदर, २० मार्च २०२० ला आलं, देशपातळीवर ब्लूटूथ वापरणाऱ्यांत जवळजवळ पहिलंच. सुरुवातीला इथेही लोक घेत नव्हते, आयफोनवर तर ते नीट चालायचंच नाही, ॲप समोर उघडं ठेवावं लागायचं. मग सरकारने स्मार्टफोन नसलेल्यांसाठी टोकन वाटले, गळ्यात अडकवायचा छोटासा तुकडा, आधी वयस्कर लोकांना, मग सगळ्यांना कम्युनिटी सेंटरमध्ये फुकट. माझ्या सासूबाई तेव्हा इथेच अडकल्या होत्या, त्यांनी ते मंगळसूत्राबरोबर घातलं आणि शेवटपर्यंत काढलं नाही. चाळ_नंबर_सात यांची पोस्ट वाचून वाटलं, आपल्याकडे तसला एक तुकडा असता तर तुझे गणिताचे तास बुडाले नसते गं.

पण दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. मंत्र्यांनी सांगितलं होतं की हा डेटा फक्त संपर्क शोधायला वापरला जाईल, दुसऱ्या कशालाही नाही. त्या शब्दावर लोकांनी घेतलं, २०२० संपेपर्यंत दर दहातल्या सात-आठ जणांकडे होतं. आणि जानेवारी २०२१ मध्ये संसदेत कळलं की फौजदारी कायद्याखाली पोलीस हा डेटा मागू शकतात आणि एका खुनाच्या तपासात मागितलाही होता. तुम्हाला वाटेल खुनी पकडायला वापरला तर बिघडलं काय, माझ्या ऑफिसातही अर्धे लोक तेच म्हणत होते. मला मात्र फसवल्यासारखं वाटलं, कारण गुन्हा कोणता हा मुद्दाच नव्हता, शब्द दिला होता हा मुद्दा होता. फेब्रुवारीत घाईने कायदा केला, सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांसाठीच वापरता येईल असा. २०२३ मध्ये सगळं बंद केलं, डेटा पुसला, त्या एका खुनाच्या केसचा सोडून.

आमच्या मजल्यावरचे एक चिनी आजोबा त्या जानेवारीनंतर टोकन घरी ठेवायला लागले. नंतर मॉलमध्ये शिरायला तेच लागायला लागलं तर मॉलला जाणं सोडलं.

तारायंत्र :

क्लेमेंटीकर यांनी म्हटलंय त्यात एक जोडतो. म्हणूनच ॲपल आणि गूगलने एप्रिल २०२० मध्ये दुसरी पद्धत जाहीर केली, त्यात जुळवाजुळव तुमच्याच फोनमध्ये होते, सर्व्हरला कळतच नाही कोण कोणाला भेटलं. जर्मनी, इंग्लंड वगैरे त्यावर गेले. आपण वेगळं केलं, आपल्या ॲपमध्ये नाव, नंबर, वय, व्यवसाय आणि वर जीपीएसही. सरकारचं म्हणणं की जीपीएसमुळे हॉटस्पॉट आधी कळतात. कळलेही असतील, पण त्यासाठी किती द्यावं लागलं ते बघा.

ब्रिस्टलकर :

इंग्लंडचं मी सांगते, इथे एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नर्स आहे.

इथे आधी सरकारने स्वतःचं ॲप बनवलं, मे २०२० मध्ये आईल ऑफ वाइट बेटावर चाचणी घेतली, जूनमध्ये गुंडाळलं, आणि तारायंत्र म्हणतात त्या पद्धतीवरचं २४ सप्टेंबरला आणलं. त्यात नाव-गाव काही नव्हतं. आम्हा हॉस्पिटलवाल्यांना सांगितलेलं की पीपीई घातल्यावर किंवा फोन लॉकरमध्ये ठेवल्यावर ॲपमधलं संपर्क शोधणं थांबवून ठेवा. का, तर लॉकररूममध्ये चाळीस फोन एकमेकांना चिकटून बारा तास पडलेले, त्यातली एक जण पॉझिटिव्ह निघाली की चाळीस जणींना दहा दिवस घरी बसा असा निरोप. आमच्या वॉर्डात एक मैत्रीण थांबवायला विसरली आणि खरंच घरी बसली, ती त्या मुलीला कधी भेटलीही नव्हती, फक्त फोन भेटले.

जुलै २०२१ मध्ये तर एका आठवड्यात सहा लाखांच्या वर लोकांना असे निरोप गेले, दुकानं रिकामी, ट्रेन रद्द. लोक कंटाळून ॲप काढून टाकायला लागले. तरीही मी ते वाईट म्हणणार नाही. नंतर अभ्यास झाला, नेचर या विज्ञान नियतकालिकात आला, पहिल्या तीन महिन्यांतच या ॲपने काही लाख लागणी टाळल्या असा त्यांचा अंदाज होता. त्या वेळी लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त लोक ते वापरत होते. निळा_रेनकोट यांच्यासारखे लोक इथेही आहेत, फक्त त्यांना कळत नाही की आपण वाचलो ते कशाने.

आणि एक. लागण झाली की दहा दिवस घरी बसायचं तर पगार कोण देणार, हे ॲपला विचारता येत नाही. माझ्या वॉर्डातली सफाई करणारी बाई सरळ म्हणाली मी ॲप घेतलं नाही कारण मला ती माहिती परवडत नाही.

कलम_एकवीस :

वकील आहे, थोडक्यात लिहायचा प्रयत्न करतो.

२०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर आधी कायदा पाहिजे, मग खरी गरज पाहिजे, आणि जेवढ्यास तेवढंच. आता १ मे २०२० चा गृह मंत्रालयाचा आदेश बघा, सरकारी आणि खाजगी सगळ्या कर्मचाऱ्यांना ॲप सक्तीचं, कंटेनमेंट झोनमध्ये शंभर टक्के. नोएडात तर ॲप नाही म्हणून गुन्हा दाखल करू इथपर्यंत पोलिसांनी सांगितलं. यामागे स्वतंत्र कायदा कुठला? आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचा एक आदेश. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण, ज्यांनी डेटा संरक्षणाचा मसुदा केला तेच, त्यांनी सक्ती पूर्णपणे बेकायदा आहे असं उघड सांगितलं. १७ मे च्या आदेशात मग शब्द सौम्य केले. ११ मे ला डेटासाठी नियमावली आली, १८० दिवसांच्या वर ठेवायचा नाही वगैरे, पण तो कायदा नव्हता, मोडला तर नागरिकाने कुठे जायचं ते त्यात नव्हतं. संसदेने वैयक्तिक डेटाचा कायदा केला ऑगस्ट २०२३ मध्ये, साथ ओसरल्यावर.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की संपर्क शोधायची सोय बंद केली आहे आणि त्यातून गोळा झालेला डेटा पुसला आहे. चांगलं झालं. बाहेरच्या कोणी तपासून मग सांगितलं असतं तर जास्त चांगलं झालं असतं.

आता खडूफळा मॅडम, तुम्हाला एक प्रश्न, राग मानू नका. तुमच्या त्या रजिस्टरचं काय झालं?

खडूफळा :

@कलम_एकवीस, राग कसला. पण दुपारी तुमचा प्रश्न वाचल्यापासून मला जेवण गेलं नाही.

२०२१ च्या शेवटी वॉर रूम बंद झाली तेव्हा टेबलं, फोन सगळं ज्याचं त्याला परत गेलं. रजिस्टरं कोणी मागितली नाहीत. आम्ही ती शाळेत आणली, कारण स्टेशनरी शाळेच्या नावावर होती. ती अजून तिथेच असणार, वरच्या मजल्यावर, जुन्या नकाशांच्या कपाटात. कपाटाला कुलूप आहे, पण किल्ली शिपाईमामांच्या खिळ्यावर टांगलेली असते आणि त्या खोलीत मतदान केंद्रही लागतं.

उद्या बघून येते.

खडूफळा :

बघितली. पाच रजिस्टरं. तीन माझ्या अक्षरातली.

एक गोष्ट सांगते, नाव-गाव काही सांगणार नाही, तपशीलही थोडे बदलते. एका माणसाशी मी सकाळी बोलले होते, त्याने घरातली पाच नावं सांगितली आणि संपलं म्हणाला. रात्री साडेदहाला त्याचा माझ्या नंबरवर फोन, संडासात जाऊन बोलत असावा, पाण्याचा आवाज येत होता. म्हणाला अजून एक नाव आहे पण घरात कळता कामा नये. त्याची सख्खी बहीण. घरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलेलं, का ते मी विचारलं नाही. तो दर महिन्याला तिला थोडे पैसे द्यायला जायचा आणि तिच्या हातचा चहा घेऊन यायचा. मी तिला वेगळा फोन केला, त्याचं नाव न घेता. तिची ऑक्सिजन पातळी ८८ होती आणि ती एकटी राहायची. वेळेत बेड मिळाला. बरी झाली.

ते नाव कुठल्याही ॲपने काढून दिलं नसतं. त्याने मला दिलं, कारण मी शब्द दिला होता.

आज ते पान उघडलं. तिचं नाव, पत्ता, मोबाईल नंबर, समोर "भाऊ : अमुक, पेशंट नंबर इतका", आणि शेजारी माझ्याच लाल पेनने "घरी सांगू नये". चार वर्षं ते उघड्या किल्लीच्या कपाटात पडलेलं आहे. त्याच गल्लीतली मुलं आमच्या शाळेत येतात. हा धागा मी ॲपवर प्रश्न विचारायला काढला होता.

आत्ता डोक्यात एकच येतंय, तिन्ही रजिस्टरं घरी आणून चुलीत घालावीत.

बारनिशी :

जाळू नका बाई. घरी पण आणू नका. मी जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळलं, ऐका माझं.

तो सरकारी अभिलेख आहे, तुमच्या हातून नष्ट झाला तर तुम्हीच अडकाल, महाराष्ट्रात अभिलेखांचा २००५ चा कायदा आहे. रीत अशी. आजच कपाटाची किल्ली खिळ्यावरून काढून मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्या. पाचही रजिस्टरांची पानं मोजा, पहिल्या आणि शेवटच्या पानावर किती पानं ते लिहून सही करा. कागदात गुंडाळून, सुतळी बांधून, गाठीवर लाख लावा, शिक्का शाळेचा. मग मुख्याध्यापकांच्या सहीने आरोग्य विभागाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र, विषय स्पष्ट घाला, "कोविड-१९ संपर्क शोध नोंदवह्या ताब्यात घेणे व निंदणीकरण करणेबाबत". निंदणीकरण म्हणजे मुदत संपलेले कागद रीतसर नष्ट करणं, हाच शब्द वापरा, नाहीतर ते नुसतं परत ठेवून देतील. वर्गवारी अ ब क ड कुठली लावायची ते त्यांनी ठरवायचं, मुदत संपली की पंचांसमोर नष्ट करायचं. नोंदवह्या देताना पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, शिक्का आणि आवक नंबर दोन्ही.

कलम_एकवीस :

बारनिशी साहेबांना पूर्ण अनुमोदन. पत्रात एवढंही लिहा की यात नागरिकांच्या आरोग्याची खाजगी माहिती आहे आणि ती गोळा करताना फक्त साथ नियंत्रणासाठी वापरू असं सांगितलं होतं. हे लेखी असलेलं बरं.

निळा_रेनकोट :

मी इथे ॲपच्या बाजूने लिहिलं आणि अजूनही लिहीन, पण आज मी माझ्या बिल्डिंगच्या वॉचमनच्या टेबलाकडे गेलो होतो. तिथे २०२० ची वही आहे, कोण आलं, कोणाकडे, ताप किती, मोबाईल नंबर. खाली जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यात. रद्दीवाला येतो रविवारी. ती मी काढून घेतली आणि सेक्रेटरींकडे दिली, समोर फाडायला लावणार आहे.

चाळ_नंबर_सात :

त्या वहीत माझ्या आईचा नंबर पण असेल कुठल्यातरी गेटवर.

खडूफळा :

झालं एवढं सांगते. शनिवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिका बाई आणि मी बसलो, पानं मोजली, पाच रजिस्टरांची मिळून ९१२. बाई आधी म्हणत होत्या कशाला उकरून काढतेस, मग मी त्यांना ते एक पान दाखवलं, नाव हाताने झाकून, फक्त लाल अक्षरं. त्या काही बोलल्या नाहीत, उठून स्वतः लाख आणायला गेल्या. दुकानात मिळाली नाही, शेवटी टपाल कार्यालयाच्या बाहेरच्या टपरीवर मिळाली.

पत्र बारनिशी काकांनी सांगितलं तसंच केलंय. जावक नंबर पडला. शेवटी एक ओळ मी हट्टाने घालायला लावली, नोंदवह्या नष्ट केल्यावर तारखेसह आम्हास लेखी कळवावे. सोमवारी पहिल्या तासाला माझा वर्ग दुसऱ्या बाई सांभाळणार आहेत, मी स्वतः घेऊन जातेय, रिक्षाने, मांडीवर ठेवून. पोच मिळाली की इथे लिहिते.